बंदीच्या फलकाने नदी सुरक्षित होत नाही

नदीकाठची एक दिवसाची सहल हा महाराष्ट्रातल्या साध्या कुटुंबांच्या आवाक्यातला फार जुना विरंगुळा आहे. सकाळी लवकर निघायचे, कुंडलिका, उल्हास, पवना किंवा प्रवरेच्या काठी गर्दीपासून दूर एखादी सावली गाठायची, तीन दगडांच्या चुलीवर पिठले-भात रांधायचा, मुलांना गुडघाभर पाण्यात खेळू द्यायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे, एवढेच तिचे स्वरूप. अलीकडे या काठांवर तंबूंच्या कॅम्पसाइट झाल्या आहेत. तिथे सतरंजी, चहा आणि जेवण मिळते. बाकी सहल तीच. अशा सहलीत कुणी बुडाले की दुसऱ्या दिवशी सगळीकडून एकच मत ऐकू येते.

ते मत असे. बुडणारी माणसे दारू पिऊन आणि सेल्फीच्या नादात, आपल्याच करणीने बुडतात. नदी धोक्याची असते हे लहान पोरालाही कळते, तेव्हा कुणी वेगळे सांगायची गरज नाही. बायकामुलांना घेऊन निर्जन ठिकाणी जायचे कारणच काय? पाण्याची हौस असेल तर वॉटरपार्क आहेत, रिसॉर्ट आहेत. आणि शासनाने करण्याजोगे काम एकच उरते, ते म्हणजे सरसकट बंदी. वाचकांच्या पत्रांपासून जिल्हा प्रशासनाच्या बैठकांपर्यंत हे मत इतके रुळले आहे की त्याला कुणी पुरावा मागत नाही. तो मागितला पाहिजे, कारण या मतामुळे जे करायला हवे ते वर्षानुवर्षे होत नाही आणि माणसे मरत राहतात.

पहिला मुद्दा मूर्खपणाचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या नोंदीप्रमाणे २०२२ या एका वर्षात देशात ३८ हजारांहून अधिक माणसे बुडून मेली. इतकी सारी माणसे बेफाम होती असे कुणी खरोखर मानते काय? ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागच्या धबधब्यात पुण्याचे एक कुटुंब अडकले. वरून पाण्याचा लोंढा वाढत गेला, प्रवाहाच्या मध्यभागी एकमेकांना घट्ट धरून सगळे उभे राहिले, आणि काठावर माणसे असूनही त्यांच्यापर्यंत कुणाला पोहोचता आले नाही. एक महिला आणि चार मुले गेली. त्यांत सर्वांत लहान मूल चार वर्षांचे होते. त्या मुलाचा मूर्खपणा कोणता? कुटुंब पाण्यात उतरले तेव्हा ते पाणी आजूबाजूच्या शेकडो पर्यटकांना उतरण्याजोगेच दिसत होते. दारू पिऊन पाण्यात जाणारे आहेत आणि त्यांना रोखलेच पाहिजे. पण त्यांचे उदाहरण पुढे करून आईबापांच्या देखत वाहून गेलेल्या मुलांचा हिशेब मिटवणे हा अन्याय आहे.

मूर्खपणाचे कारण न्यायालयातही पुरे पडलेले नाही. ८ जून २०१४ रोजी हिमाचल प्रदेशात मंडी जिल्ह्यातल्या थलौट येथे हैदराबादच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी बियास नदीच्या पात्रातल्या खडकांवर उभे राहून छायाचित्रे काढत होते. वरच्या अंगाला लारजी जलविद्युत प्रकल्पाचे धरण आहे. तिथून पाणी सोडले गेले आणि २४ विद्यार्थी व त्यांच्याबरोबरचा एक सहल संयोजक वाहून गेले. तेव्हाही पोरांनी पात्रात उतरायला नको होते असे म्हणणारे पुष्कळ होते. हिमाचल प्रदेश उच्च न्यायालयाने मात्र भरपाईचा भार वीज मंडळ, महाविद्यालय आणि राज्य सरकार या तिघांवर टाकला. पाणी सोडणाऱ्याने खाली कोण आहे हे पाहिले पाहिजे, आणि मुलांना नेणाऱ्याने ती कुठे उभी आहेत हे जाणले पाहिजे. या साध्या तत्त्वाची आठवण महाराष्ट्रातल्या चर्चेत का होत नाही?

यातूनच दुसरा मुद्दा निघतो. नदीचा धोका सर्वांना कळतो हे विधान सर्वांत खोटे आहे, आणि म्हणून त्याचा समाचार सविस्तर घ्यावा लागतो.

कुंडलिकेचेच उदाहरण घ्यावे. कोलाड परिसरात तिच्या काठी कॅम्पसाइटची रांग लागली आहे आणि भर उन्हाळ्यातही तिथे राफ्टिंग चालते. कोकणातल्या बहुतेक नद्या एप्रिल-मे महिन्यांत खडकांतून झिरपणाऱ्या ओहोळाएवढ्या उरतात. कुंडलिका मात्र सकाळी दुथडी वाहताना दिसते. हे पाणी मुळात तिचे नाही. मुळा नदीवर मुळशीला बांधलेल्या धरणाचे पाणी पश्चिमेकडे वळवून घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात सोडले जाते. हे वीजगृह १९२७ पासून चालू आहे. वीज निर्माण करून झाली की ते पाणी कुंडलिकेत येते. म्हणजे या नदीची पातळी ठरवते ती विजेची मागणी. आभाळ निरभ्र असते, महिनाभर पावसाचा थेंब नसतो, आणि तरी पात्रातला जो खडक दुपारी कोरडा होता तो सकाळी पाण्याखाली असतो. चिपळूणची वाशिष्ठीही अशीच आहे. कोयनेचे पाणी पोफळीच्या वीजगृहातून तिच्यात उतरते. प्रवरेवरच्या भंडारदरा धरणातून शेतीसाठी आवर्तन सुटते, तेव्हा खाली नदी अचानक भरते. मुंबईहून किंवा पुण्याहून सकाळी आलेल्या आईबापांनी हे कशावरून ओळखायचे? पाण्याकडे पाहून ते कळत नाही. नदीवर वाढलेल्या माणसालाही ते वेळापत्रक माहीत असल्याशिवाय कळत नाही.

पाणी सोडण्याआधी इशारा दिला जातो, असे यावर उत्तर येते. तो दिला जातो हे खरे. कुणाला दिला जातो ते पाहावे. जलसंपदा विभागाचे पत्र जिल्हाधिकारी, तहसीलदार, पोलीस ठाणे यांच्याकडे जाते. तिथून ते ग्रामपंचायतीकडे येते आणि नदीकाठच्या गावांत दवंडी पिटली जाते किंवा व्हॉट्सॲपवर निरोप फिरतो. शेतकरी मोटारी वर काढतात, गुरे वर आणतात. गावापासून दोन किलोमीटरवर झाडाखाली जेवायला बसलेले परगावचे कुटुंब या साखळीत कुठेच नसते. काही धरणांवर भोंगा वाजतो. वळणावळणाच्या दरीत तो किती लांबपर्यंत ऐकू जातो हे काठावर उभे राहून कुणी तपासावे. विसर्ग इतक्या हजार क्युसेकने वाढवला ही बातमी संध्याकाळी वाचणाऱ्यालाही त्यातून आपल्या पायाशी पाणी किती चढेल हे उमगत नाही. इशारा दिल्याची नोंद कागदावर होते, ज्याचा जीव धोक्यात आहे त्याच्यापर्यंत तो पोहोचत नाही, आणि नंतर त्याच नोंदीच्या आधारे दोष मेलेल्या माणसाला दिला जातो.

पावसाळ्यात तर धरणाचीही गरज नसते. पुणे शहरात वर्षाला सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पन्नासेक किलोमीटरवरच्या ताम्हिणी घाटात तो पाच हजार मिलीमीटरच्याही पुढे जातो. सह्याद्रीचे उतार उभे आहेत, माथ्यावर कातळ आहे, त्यामुळे पडलेले पाणी मुरत नाही, थेट ओढ्याला लागते. खाली ऊन पडलेले असताना माथ्यावर तासभर कोसळलेला पाऊस काही मिनिटांत खालच्या पात्रात येतो. पाणी एकाएकी गढूळ होणे, त्यात पाने आणि काटक्या वाहून येणे, वरच्या अंगाने घरघर ऐकू येणे ही लोंढा येत असल्याची चिन्हे होत. ती दिसताच सामान तिथेच टाकून वर चढायचे असते. हे शाळेच्या कोणत्या इयत्तेत शिकवले जाते? भूगोलाच्या पुस्तकात नदीचे खनन आणि निक्षेपण आहे. नदीत पाय टाकताना काय पाहावे हे नाही.

पात्राचा तळही फसवा असतो. दख्खनचा काळा पाषाण वाहत्या पाण्याने आणि गोट्यांनी कोरला जाऊन त्यात रांजणखळगे पडतात. कुकडी नदीवर निघोजला ते पाहायला लोक मुद्दाम जातात, पण लहान खळगे सह्याद्रीच्या किती तरी ओढ्यांत आहेत आणि पाणी भरले की दिसत नाहीत. घोटाभर पाण्यातून चालणारे मूल पुढच्या पावलाला डोक्यावरून बुडते. जिथे वाळूउपसा झाला आहे तिथे माणसाने केलेले खड्डे याहून वाईट, कारण त्यांच्या कडा भुसभुशीत असतात आणि वर चढू पाहणाऱ्याच्या पायाखालून ढासळतात. बंधाऱ्यांचे आणखी वेगळे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यावरून पाणी सांडत असते, खाली फेसाळ डबके दिसते, आणि मुले नेमकी तिथेच खेळायला जातात. सांडणारे पाणी तळाशी जाऊन पुन्हा बंधाऱ्याकडे उलटे फिरते आणि माणसाला तिथल्या तिथे घुसळत ठेवते. पट्टीचा पोहणाराही त्यातून सुटेलच असे नाही. राफ्टिंगचे वाटाडे अशा जागेपासून लांब राहतात, कारण त्यांना ते शिकवलेले असते. इतरांना कुणीच शिकवलेले नसते.

पूर्वी हे ज्ञान गावात होते आणि अजूनही थोडेबहुत आहे. कोणत्या डोहात उतरायचे नाही, गुरे कुठे पाण्यावर न्यायची, धुणे कुठे धुवायचे, पोरांनी कुठे डुंबायचे हे ठरलेले असे. महाडजवळ काळ नदीवरच्या वाळणकोंडीत देवीच्या नावाने मासे राखले जातात, कुणी गळ टाकत नाही. पाण्याशी कसे वागायचे याचे नियम गाव स्वतः पाळू शकते याचा तो जिवंत दाखला आहे. पोहणेही विहिरीवर शिकले जाई. पाठीला सुकड भोपळा, पत्र्याचा डबा किंवा पांगाऱ्याचे हलके लाकूड बांधून पोराला पाण्यात ढकलत. मुलींच्या वाट्याला बहुधा तेही येत नसे, आणि त्याची किंमत आजही बायका मोजतात. शहरात आलेल्या पिढीची विहीर सुटली आणि तलाव मिळाला नाही. अशा कुटुंबाला ‘नदी धोक्याची असते’ एवढेच माहीत असते. धोका कुठे आहे, केव्हा आहे आणि आला तर काय करायचे, यांतले काहीही माहीत नसते. याला कळणे म्हणत नाहीत.

आता बंदी. दरवर्षी पावसाळा आला की जिल्हाधिकारी मनाई आदेश काढतात. पूर्वी तो फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १४४ खाली निघे, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली निघतो. असा आदेश मुळात तातडीच्या प्रसंगासाठी आहे आणि दंडाधिकाऱ्याने काढलेला आदेश दोन महिन्यांहून अधिक चालत नाही. पण कुटुंबे नदीवर जातात ती मुख्यतः एप्रिल-मे महिन्यांत, शाळांना सुट्टी लागल्यावर आणि उन्हाने घरे तापल्यावर. तेव्हा आदेश नसतो, फलक गंजलेला असतो आणि पोलीस जत्रेच्या बंदोबस्ताला गेलेले असतात. शिवाय बंदी घातली जाते ती नावाजलेल्या ठिकाणी. तिथे निदान वडापावच्या गाड्या असतात, गावातली पोरे असतात, मोबाइलला रेंज असते. तिथून हाकललेले कुटुंब घरी परतत नाही. मुलांना दिलेला शब्द असतो, गाडीभाडे खर्च झालेले असते. ते आणखी चार किलोमीटर पुढे जाते आणि जिथे कुणी अडवायला नाही, म्हणजेच वाचवायलाही नाही, अशा पाण्यात उतरते.

फलक लावला की जबाबदारी संपली, ही समजूत बंदीच्या मुळाशी आहे. तिचे फळ १५ जून २०२५ रोजी मावळात कुंडमळा येथे दिसले. इंद्रायणीवरचा जुना लोखंडी पूल धोकादायक असल्याचा फलक तिथे होता. पूल मात्र वापरात राहिला, नवा उभा राहिला नव्हता, आणि रविवारच्या गर्दीत तो कोसळून चार माणसे गेली. बचावाला आलेल्यांत, भुशीच्या वेळेप्रमाणेच, स्थानिक स्वयंसेवक होते. लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या पथकांतली तरुण मुले आपला कामधंदा सोडून अशा पाण्यात उतरतात. बहुतेक वेळा त्यांना हाक येते ती सारे संपल्यावर, शोध घेण्यासाठी. हीच मुले अपघाताच्या आधी काठावर मानधनावर का नसावीत? गोव्यात राज्य सरकारने २००८ मध्ये समुद्रकिनाऱ्यांवर जीवरक्षक नेमण्याची व्यवस्था एका संस्थेकडे सोपवली. समुद्र बंद केला नाही. कुठे पोहायचे आणि कुठे नाही ते झेंडे रोवून सांगितले आणि पाहायला माणूस उभा केला. दूधसागरला जीपने जाणाऱ्याला लाइफ जॅकेट घालावे लागते. शेजारच्या लहान राज्याला जे जमते ते महाराष्ट्राच्या नद्यांवर का जमू नये?

रिसॉर्टचा सल्ला देणाऱ्यांनी आपण तो कुणाला देत आहोत याचा विचार केलेला नसतो. एका खोलीत राहणाऱ्या पाच माणसांच्या घरासाठी वॉटरपार्कची तिकिटे म्हणजे महिन्याच्या किराण्याला लागलेली कात्री. शहरातल्या नदीवर जावे तर तिचे गटार झाले आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२२ मध्ये देशातल्या प्रदूषित नदीपट्ट्यांची यादी केली, तेव्हा ३११ पैकी ५५ एकट्या महाराष्ट्रात होते, कोणत्याही राज्यापेक्षा जास्त. मुळा-मुठेच्या काठी आज कोणते कुटुंब डबा उघडून बसू शकते? दाराशेजारची नदी नासवायची, धड तलाव बांधायचे नाहीत, आणि स्वच्छ पाण्याच्या शोधात घाटाखाली गेलेल्या माणसाला चैनखोर म्हणायचे, हे सुस्थितीतल्या वर्गाचे मत आहे. नदी ही विकत घ्यायची वस्तू नाही. तिच्या काठी बसण्याचा अधिकार पैसेवाल्याइतकाच मजुराच्या मुलालाही आहे.

निर्जनतेचा प्रश्न मात्र खरा आहे आणि त्याचे उत्तर बंदीत नाही, तयारीत आहे. आडवळणाच्या काठावर १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका यायला जेवढा वेळ लागतो तेवढा बुडणाऱ्याकडे नसतो. चार-पाच मिनिटे प्राणवायू मिळाला नाही की मेंदूला इजा होऊ लागते. म्हणजे पहिली मदत जवळच्याच माणसांची असते, आणि तीच माणसे अनेकदा दुसरा, तिसरा बळी ठरतात. मूल बुडताना पाहून बाप उडी घेतो, बापामागे काका, आणि एका घरातली तीन माणसे जातात. बुडणारा सिनेमातल्यासारखा ओरडत नाही. त्याचे तोंड पाण्याशी खालीवर होत असते, श्वासच मिळत नाही तर हाक कुठून मारणार? म्हणून पाण्यात मुले असतील तोवर एका मोठ्या माणसाने फक्त त्यांच्याकडे पाहत राहायचे, फोन बाजूला ठेवून, आणि काही वेळाने दुसऱ्याने त्याची जागा घ्यायची. बरोबर लांब दोर आणि हवा भरलेली ट्यूब असावी. दोन्ही नसतील तर साडी, ओढणी, वेळू, रिकामा पाण्याचा कॅन यांतले काही ना काही काठावरूनच टाकायचे. पोहता येत असले तरी रिकाम्या हाताने झेप घ्यायची नाही. बाहेर काढलेल्या माणसाला उलटे टांगणे, गरगरा फिरवणे, पोट दाबून पाणी काढणे यात मोलाची मिनिटे जातात. श्वास बंद असेल तर आधी तोंडाने श्वास द्यायचा आणि लगेच छातीवर दाब द्यायला लागायचे.

या साऱ्यात अवघड असे काय आहे? एका दुपारी गावच्या शाळेत शिकवता येईल. जागतिक आरोग्य संघटना बुडण्याचे मृत्यू टाळण्यासाठी जे उपाय सांगते त्यांत शाळकरी मुलांना पोहणे व पाण्यातली सुरक्षितता शिकवणे आणि सामान्य माणसांना बचावाचे प्रशिक्षण देणे हे ठळक आहेत. संयुक्त राष्ट्रांनी २०२१ पासून २५ जुलै हा दिवस या कामासाठी ठरवला आहे. महाराष्ट्रात तो दिवस भर पावसाळ्यात येतो, शाळा चालू असतात, आणि तरी तो कोरडा जातो.

पैसे नाहीत, ही शेवटची सबब. राज्याने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले, आयोजकांनी नोंदणी करावी असे ठरवले. ते योग्यच झाले, पण आयोजकाविना स्वतःच्या टेम्पोने येणाऱ्या कुटुंबाला ते स्पर्शही करत नाही. त्याच्यासाठी लागते ते स्वस्त आहे. प्रत्येक तालुक्यात माहितगारांनी निवडलेल्या दोन-तीन जागा, जिथे तळ तपासलेला आहे आणि पाण्यापर्यंतची उतरण नीट आहे. तिथे खोलीच्या खुणा रंगवलेल्या खांबांवर, दोर आणि ट्यूब खांबाला टांगलेली, संडास, आणि सुट्टीच्या दिवशी ग्रामपंचायतीने नेमलेली पोहणारी दोन माणसे. त्यांचे मानधन गाडीतळाच्या पावतीतून निघते. हंगामात कॅम्पसाइटचे मालक पर्यटकांकडून पैसे घेतातच. लाइफ जॅकेट आणि प्रशिक्षित माणूस ठेवल्याशिवाय त्यांना पाण्याला लागून तंबू ठोकू देऊ नये. आणि धरण ज्याचे, वीजगृह ज्याचे, त्याने पाणी सोडण्याच्या वेळा नदीत उतरायच्या प्रत्येक वाटेवर मराठीत लिहून लावाव्यात, वेळ बदलली तर विसर्गाआधी काठाने माणूस फिरवावा, आणि पात्र मोकळे झाल्याची खात्री त्याने दिल्याशिवाय दार उघडू नये. धरणाची मालकी सरकारची असो की कंपनीची, ही अट दोघांनाही कायद्याने सारखीच बांधली पाहिजे. ती मोडून कुणाचा जीव गेला, तर चौकशी मेलेल्याच्या शहाणपणाची होऊ नये, दार उघडणाऱ्याच्या आदेशाची व्हावी.